हवेत एक नंबर, कागदावर दुसरा

पत्र

नमस्कार ताई,

माझ्याकडे तीन ड्रोन आहेत. एक छोटा, खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेला. दुसरा जुना, साधारण ९०० ग्रॅमचा, घेतला तेव्हा हे रिमोट आयडी वगैरे काही नव्हतं. तिसरा मी स्वतः जुळवलेला पाच इंची एफपीव्ही क्वाड, म्हणजे डोळ्यावर गॉगल लावून उडवायचा चार पंख्यांचा. सगळं हौस म्हणून, यातून पैसे कमवत नाही. आता सगळे म्हणतात रिमोट आयडी लागतो, म्हणून त्याचा सिग्नल सोडणारं एक मॉड्युल घेतलं आणि जुन्या ड्रोनला डबल टेपने चिकटवलं. दिवा लुकलुकतो पण फोनवरच्या अ‍ॅपमध्ये काहीच दिसत नाही. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर नंबर टाकला की लाल अक्षरात 'अमान्य' येतं, त्या स्टिकरचा फोटो सोबत पाठवतोय. छोट्यालाही हे लागतं का? एकच मॉड्युल दोघांत फिरवून चालेल का? बायको म्हणते यातून आपलं घर कुणालाही कळेल. आणि मेहुणे म्हणतात कशाला एवढं डोकं लावतोस, मॉड्युलवर फॉइल गुंडाळ, कागदावर मॉड्युल आहे म्हणजे झालं. काय करू?

— तीन ड्रोनवाला

उत्तर

तीन ड्रोनवाले दादा,

पत्र एवढं सविस्तर लिहिलंत, वजनं लिहिलीत, टेप कुठली लावली ते लिहिलंत, मेहुण्यांचं मत लिहिलंत, फक्त एक गोष्ट राहिली, तुम्ही उडवता कुठल्या देशात? हसू नका, तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्या एका शब्दात आहे. तुम्ही जे व्हिडिओ बघून मॉड्युल घेतलंत ना, ते बनवणारा माणूस कुठे बसलाय ते त्याने सांगितलं नसणार आणि तुम्ही विचारलं नसणार, आणि अशानेच लोक दुसऱ्याच देशाचा नियम पाळत बसतात आणि स्वतःच्या देशातला मोडतात. असो, देश माहीत नाही म्हणून मी थोडं इकडचं थोडं तिकडचं सांगते, तुमचं काय ते त्यातून तुम्ही उचला.

आधी ही भानगड नेमकी काय आहे ते. सगळे म्हणतात रिमोट आयडी म्हणजे ड्रोनची नंबर प्लेट, पण ते अर्धंच खरं आहे. नंबर प्लेट वाचायला गाडीजवळ जावं लागतं, आणि ड्रायव्हर कुठे बसलाय हे काही प्लेट सांगत नाही. हे मशीन मात्र उडत असताना साधारण दर सेकंदाला ब्लूटूथ नाहीतर वायफायवरून ओरडत असतं, की माझा नंबर हा, मी इथे आहे, एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगाने या दिशेला चाललोय, आणि बहुतेक देशांत हेही, की मला उडवणारा तिथे उभा आहे किंवा मी तिथून उडालो. इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही, जवळपास ज्याच्याकडे फोन आणि अ‍ॅप आहे त्याला ते ऐकू येतं. तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर यातलं काहीही त्यात नसतं. नंबरावरून नाव काढणं हे फक्त रजिस्टर ज्यांच्या हातात आहे त्या खात्याचं आणि पोलिसांचं काम.

आणि हे उगाच आपल्याला छळायला काढलंय असंही नाही हो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या आणि धावपट्टी बंद ठेवावी लागली, सुमारे १००० उड्डाणं बिघडली आणि १,४०,००० प्रवासी अडकले, आणि तो उडवणारा कोण हे आजतागायत सापडलेलं नाही. त्यानंतर जगभर विमान खात्यांचा एकच प्रश्न होता, आकाशात दिसतंय ते कुणाचं? तुमच्याआमच्यासारख्या सरळ माणसाच्या दृष्टीने याचा उलटा फायदाही आहे, आपलं मशीन आपलं नाव सांगतंय म्हणजे दुसऱ्याने केलेला उपद्व्याप आपल्या माथी मारणं अवघड जातं.

आता देश. अमेरिकेत हा नियम जानेवारी २०२१ मध्ये आला आणि उडवणाऱ्यांवर १६ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला, मॉड्युलं बाजारात मिळेनात म्हणून कारवाईची ढील १६ मार्च २०२४ पर्यंत दिली होती, ती कधीच संपली. तिथे तीन वाटा आहेत. ड्रोनमध्येच रिमोट आयडी असलेलं मशीन घ्या, नाहीतर जुन्याला बाहेरून मॉड्युल लावा, नाहीतर ठरवून दिलेल्या मैदानात उडवा जिथे याची गरज नाही, पण तिथे तुम्ही आणि ड्रोन दोघांनीही हद्दीच्या आत राहायचं आणि ड्रोन नजरेसमोर ठेवायचा. बाहेरून मॉड्युल लावलं तरी नजरेसमोर ठेवायची अट आहेच, हे मॉड्युलवाले विसरतात.

युरोपात १ जानेवारी २०२४ पासून आहे, पण तिकडे सगळं ड्रोनवरच्या छापावर चालतं, सी१ सी२ सी३ असा वर्गाचा शिक्का असेल तर रिमोट आयडी चालू हवा. तुमच्या जुन्यासारखा बिनशिक्क्याचा किंवा घरी जुळवलेला असेल तर साध्या ओपन गटात, म्हणजे कमी धोक्याच्या उड्डाणांत, ही सक्ती सहसा लागत नाही, मात्र एखादा देश आपल्या हद्दीत वेगळी अट घालू शकतो आणि घालतोही, फ्रान्सने तर युरोपच्या आधीच ८०० ग्रॅमच्या वरच्यांना स्वतःचा वायफाय सिग्नल सक्तीचा केला होता, आणि तुमचा जुना ९०० चा आहे, बघा बरं का. जपानमध्ये २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरच्या प्रत्येक ड्रोनचं रजिस्ट्रेशन आणि रिमोट आयडी, म्हणजे तुमचा २४९ वाला तिथे छोटा नाहीच. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांत रजिस्ट्रेशन आणि युआयएन म्हणजे ड्रोनचा ओळख नंबर आहे, उडताना जागा सांगणाऱ्या रिअल टाइम ट्रॅकिंग बीकनचंही नाव आहे, पण त्या नियमांत असं लिहिलंय की सरकार ते पुढे जाहीर करील आणि जाहीर केल्यावर किमान सहा महिने मुदत देईल. हे सगळं बदलतं राहतं, म्हणून तुमच्या देशाच्या विमान खात्याच्या पानावर आजची तारीख बघून वाचा, व्हिडिओवर नाही.

२४९ चं म्हणाल तर अमेरिकेत हौस म्हणून उडवत असाल आणि उडताना वजन खरंच २५० च्या आत असेल तर रजिस्ट्रेशनही नाही, रिमोट आयडीही नाही. पण उडताना म्हणजे खोक्यावर लिहिलेलं नव्हे, मैदानात जसा उडणार तसा. मोठी बॅटरी घातली की तो २४९ राहत नाही. लेन्सवर फिल्टर लावला, पंख्यांना गार्ड लावला, खाली पाय उंच करायला प्लास्टिकचे खुंट लावले, रात्री दिसावा म्हणून दिवा चिकटवला, कसलं २४९ आणि कसलं काय. घरात छोटा वजनकाटा असेलच, सगळं लावून त्यावर ठेवा आणि आकडा बघा. मजा म्हणजे काही लोक 'सेफ साइडला असू दे' म्हणून त्या २४९ वर मॉड्युल चिकटवतात आणि मॉड्युलच्या वजनानेच तो २५० च्या वर जातो, मग ज्याला काहीच लागत नव्हतं त्याला सगळंच लागायला लागतं. आणि याच ड्रोनवर उद्या कुणाच्या लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलंत किंवा एखाद्याच्या बिल्डिंगचे फोटो काढून दिलेत तर अमेरिकेत तो हौसेचा राहत नाही, मग वजन कितीही असो, रजिस्ट्रेशन आणि रिमोट आयडी दोन्ही. हौस म्हणजे हौस, त्यात 'फक्त पेट्रोलचे पैसे घेतले' हे चालत नाही.

आता तुमचा लाल 'अमान्य', ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले. फोटो मोठा करून बघितला. दादा, तो स्टिकर तुमच्या कंट्रोलरच्या पाठीवरचा आहे. ड्रोनचाही नाही आणि मॉड्युलचाही नाही. नंबर मोजला तर १४ अक्षरं. फॉर्मने नाही म्हटलं ते चांगलंच झालं, काही फॉर्म काहीही गिळतात आणि मग माणूस वर्षभर समजत राहतो आपलं सगळं ओके आहे.

रिमोट आयडीचा नंबर एका ठरलेल्या साच्यात असतो. पहिली चार अक्षरं कंपनीची. पाचवं अक्षर सांगतं की पुढे किती अक्षरं येणार, १ ते ९ पर्यंत आकडा आणि त्यापुढे दहाला ए, अकराला बी असं करत पंधराला एफ. त्याच्यापुढे बरोबर तेवढी अक्षरं. म्हणजे पाचवं अक्षर एफ असेल तर पुढे १५, एकूण २०. पाचवं अक्षर ८ असेल तर पुढे ८, एकूण १३. पेन्सिल घ्या आणि मोजा, एक जरी कमीजास्त आलं तर तुम्ही चुकीचा नंबर बघताय किंवा बरोबर नंबर चुकीचा टाइप केलाय. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट, या साच्यात इंग्रजी ओ आणि आय ही दोन अक्षरं मुद्दाम ठेवलेलीच नाहीत, शून्य आणि एकाशी घोळ होतो म्हणून. म्हणजे गोल दिसतंय ते शून्यच, उभी दांडी दिसतेय ती एकच, दुसरा विचार नाही.

हे मी एवढ्या ठसक्यात सांगतेय कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलेय. माझ्या पहिल्या मॉड्युलचा नंबर मी चष्मा न लावता वाचला आणि शून्याच्या जागी ओ टाकला, त्या फॉर्मने तो निमूट घेतला, आणि मी आठेक महिने छाती काढून मैदानात फिरत होते की माझं बाई सगळं नियमात आहे. एक दिवस एका मुलाने त्याच्या फोनवर माझा ड्रोन पकडला आणि म्हणाला ताई नंबर वाचून दाखवा तुमच्या रजिस्ट्रेशनवरचा, आणि मी वाचला, आणि नवव्या अक्षराला आम्ही दोघं थांबलो. म्हणजे आठ महिने हवेत एक नंबर होता आणि कागदावर दुसरा. कुणी चौकशी केली असती तर माझा ड्रोन रजिस्टरात नसलेला निघाला असता, आणि माझ्या नावावर एक असा ड्रोन होता जो जगात अस्तित्वातच नाही.

म्हणून माझा सरळ उपाय ऐका, स्टिकरवरून नंबर टाइपच करू नका. मॉड्युल चालू करा, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जो नंबर हवेतून येतोय तो पकडा, जमलं तर तिथूनच कॉपी करा आणि फॉर्मवर पेस्ट करा. पोलिसाला तोच दिसणार आहे ना, मग कागदावरही तोच असला पाहिजे. ड्रोनमध्येच रिमोट आयडी असेल तरी हेच, कारण बॅटरीच्या खोबणीत छापलेला कारखान्याचा नंबर आणि रिमोट आयडीचा नंबर हे दोन वेगळे असू शकतात, उडवायच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये रिमोट आयडी म्हणून जो दाखवतो तो खरा.

युरोपात असाल तर आणखी एक नंबर येतो, ऑपरेटरचा, म्हणजे तुमचा. तो तुम्ही ड्रोनमध्ये भरायचा असतो. आधी तीन अक्षरी देश, मग लांबलचक नंबर, मग एक आडवी रेघ आणि त्यानंतर तीन अक्षरं. ती शेवटची तीन गुप्त असतात. ड्रोनमध्ये भरताना पूर्ण भरायचा तीन अक्षरांसकट, म्हणजे मशीन पडताळून बघतं की तुम्ही दुसऱ्या कुणाचा नंबर तर नाही ना टाकत. पण ड्रोनच्या अंगावर स्टिकर लावाल तेव्हा रेघेच्या अलीकडचाच लावायचा. लोक बरोबर उलटं करतात, अंगावर सगळा चिकटवतात आणि मशीनमध्ये अर्धा टाकून ते घेत नाही म्हणून फोन करतात.

आता अ‍ॅपमध्ये काही दिसत नाही ते. नंबर पकडायला सांगितलं खरं पण दिसतच नसेल तर पकडणार काय, बरोबर. फोन कुठला ते लिहिलं नाहीत पण आयफोन असेल तर मॉड्युलवर शंका घ्यायच्या आधी एखादा अँड्रॉइड उसना घ्या. हे सिग्नल चार प्रकारांनी जाऊ शकतात, जुनं ब्लूटूथ, ब्लूटूथ ५ चं लांब पल्ल्याचं, आणि वायफायचे दोन प्रकार, आणि आयफोनवरच्या अ‍ॅपना यातलं बहुतेक फक्त जुनं ब्लूटूथ ऐकू येतं. तुमचं मॉड्युल वायफायवर ओरडत असेल तर आयफोन त्याला बहिराच. अँड्रॉइडमध्येही सगळे फोन लांब पल्ल्याचं ब्लूटूथ ऐकत नाहीत, आणि वायफायचं म्हणाल तर अँड्रॉइड बॅटरी वाचवायला अ‍ॅपला दोन मिनिटांत चारदाच वायफाय शोधू देतो, मग ड्रोन दिसतो, गायब होतो, परत दिसतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा, फोनचं लोकेशन चालू ठेवा, अ‍ॅपला परवानगी द्या, बघा किती फरक पडतो.

दुसरी गोष्ट, दिवा लुकलुकतो म्हणालात. लुकलुकणं म्हणजे चालू आहे असं नसतं, बऱ्याच मॉड्युलांत लुकलुकणं म्हणजे 'उपग्रह शोधतोय' आणि स्थिर म्हणजे 'सापडले', मॅन्युअल काढून रंग बघा. तुम्ही हे हॉलमध्ये बसून तपासलं असणार, डोक्यावर स्लॅब, तिथे त्याला जीपीएस कुठून मिळणार? मोकळ्यावर न्या, जमिनीवर ठेवा, आणि हात लावू नका, काही मिनिटं लागू देत. ही घाई फार महागात पडते, कारण बाहेरून लावलेलं मॉड्युल तुम्ही कुठे उभे आहात हे सांगत नाही, ड्रोन कुठून उडाला ती जागा सांगतं, आणि ती जागा त्याला उडायच्या आधी कळायला हवी ना. उपग्रह सापडायच्या आत तुम्ही वर गेलात तर सगळंच चुकीचं जातं.

आणि ती डबल टेप. चिकटवलंय कुठे? फोटोत नीट दिसत नाही पण बॅटरीच्या बाजूला खाली वाटतंय. मॉड्युलची जी बाजू आकाशाकडे हवी ती आकाशाकडेच हवी, वर काहीही नको. तुमच्या पाच इंची क्वाडवर तर आणखी जपून, तो कार्बन फायबरचा सांगाडा रेडिओला भिंतीसारखा अडवतो, दोन प्लेटच्या मधे खुपसलंत तर ना जीपीएस येणार ना सिग्नल बाहेर जाणार. व्हिडिओ ट्रान्समीटर आणि एचडी कॅमेरा यांच्यापासून जेवढं लांब जमेल तेवढं. आणि कंट्रोलरचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरच्या अँटेनाला खेटून लावू नका, मॉड्युलही बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं आणि तुमचा कंट्रोलही त्यावरच असेल तर कानाशी कुणी ओरडत असताना लांबून हाक ऐकू येत नाही तसं होतं. लावल्यावर एकदा रेंज टेस्ट घ्या, कागदपत्रं नियमात आणि ड्रोन झाडावर असं नको.

तपासताना उंची वेडीवाकडी दिसली तर घाबरू नका. ड्रोन गवतावर ठेवलाय आणि अ‍ॅप सांगतंय उणे साठ मीटर, असं होतं. ही उंची जमिनीपासून नाही आणि समुद्रसपाटीपासूनही नाही, जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत चपटा गोळा समजून त्यापासून मोजतो, आणि खरी समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या काही ठिकाणी वर आहे आणि काही ठिकाणी खाली. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर ती १०० मीटरहून जास्त खाली आहे. मॉड्युल बिघडलेलं नाही, परत करायला धावू नका. मी धावले होते.

एक मॉड्युल दोन ड्रोनवर? अमेरिकेत हौसेखाली उडवणाऱ्याला चालतं. तिथे रजिस्ट्रेशन माणसाचं असतं, त्याखाली तुम्ही आपल्या ड्रोनची यादी करता, आणि दोन्ही ड्रोनसमोर त्याच मॉड्युलचा नंबर लिहिता. लिहायला मात्र दोन्हीकडे हवा, एकाच ठिकाणी लिहून दुसऱ्यावर चिकटवलंत की परत हवेत एक आणि कागदावर दुसरं. धंद्यासाठी उडवणाऱ्याला तिथे प्रत्येक ड्रोनचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्यामुळे एकच नंबर दोन्हींसमोर लिहून फिरवणं जमत नाही. मॉड्युल घेताना आणखी एक बघायचं राहिलं असेल तर आता बघा, ते तिथल्या विमान खात्याच्या मान्य यादीत आहे का, आणि नाव अगदी अक्षराला अक्षर. खोक्यावर 'रिमोट आयडी' छापलंय एवढ्याने होत नाही.

आता वहिनींचं म्हणणं. सगळे मैदानवाले यावर 'छे हो काही कळत नाही' म्हणून उडवून लावतात, मला ते पटत नाही. वहिनी बरोबर आहेत. नाव जात नाही पण जागा जाते, आणि ती जागा अगदी अचूक जाते. तुम्ही घराच्या गच्चीवरून उडवलंत तर ती जागा म्हणजे तुमचं घर, आणि काही शे मीटरवर, मोकळ्यात त्याहूनही लांबवर, फोन घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही ती नकाशावर दिसते. अमेरिकेत यावरून लोक कोर्टात गेले होते, २०२२ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला. आधीच्या मसुद्यात तर ही माहिती इंटरनेटवरून सतत पाठवायचीही अट होती, ५३,००० च्या आसपास हरकती आल्या आणि ती अट अंतिम नियमातून गेली, त्यामुळे निदान तिथे तरी ऐकायला माणूस जवळपास यावा लागतो. जपानमध्ये उडवणाऱ्याची जागा पाठवतच नाहीत. सगळीकडे तसंच असायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण माझ्या मताने नियम बदलत नाही.

म्हणून करायचं काय, तर घरून उडवायचं नाही, एवढं सोपं. दहा मिनिटं चालत जा, मोकळी जागा बघा, तिथून उडवा. एकटे जाऊ नका, एक तर बरोबरचा माणूस आकाशाकडे बघतो आणि दुसरं म्हणजे कुणी तावातावाने चालत आलंच तर तुम्ही डोळ्यावर गॉगल लावून जगापासून तुटलेले नसता. कुणी आलंच तर आधी ड्रोन खाली उतरवा, पंखे थांबू देत, मग बोला. स्क्रीन दाखवा, काय दिसतंय ते दाखवा, दहातले नऊ जण 'अरे वा' म्हणून निघून जातात. दहावा ऐकत नसेल तर सामान उचला आणि तुम्ही निघा.

राहता राहिले मेहुणे आणि त्यांचं फॉइल. दादा, आधी कायद्याचं, अमेरिकेत सिग्नल उडतानाच बंद पडला तर शक्य तितक्या लवकर उतरवायचा असं लिहिलंय, म्हणजे आपोआप बंद पडला तरी ही गत, मग तुम्ही मुद्दाम बंद केलात तर काय बोलायचं. पण कायदा सोडा. फॉइल सिग्नल बाहेर जाऊ देत नाही तसाच आतही येऊ देत नाही. जुन्या ड्रोनवर मॉड्युल जिथे चिकटवाल तिथेच आसपास ड्रोनचा स्वतःचा जीपीएस असणार, फॉइल त्याच्यावर गेलं की त्याला आपण कुठून उडालो तेच कळणार नाही. मग बॅटरी संपत आली, तुम्ही परत येण्याचं बटण दाबलंत, आणि ९०० ग्रॅमचं ते धूड घराऐवजी भलतीकडेच उतरलं कुणाच्या डोक्यावर, तेव्हा मेहुणे म्हणतील मी तर सहज बोललो होतो. मेहुण्यांना मैदानावर न्या, अ‍ॅपवर तुमचा ड्रोन पकडायला लावा, नंबर त्यांनाच वाचायला सांगा आणि तुम्ही कागदावरचा वाचा. वीसपर्यंत अक्षरं. त्यांचं चष्म्याचं कसं आहे ते मात्र आधी विचारून घ्या.

देश कळवा. आणि फोटो परत पाठवा, या वेळी मॉड्युलच्या स्टिकरचा, कंट्रोलरचा नको. युरोपातले निघालात तर रेघेपुढच्या तीन अक्षरांवर अंगठा ठेवूनच काढा.

— ताई